सातव्या रांगेतली झोप

“मावशी, गप्प करा हो त्यांना! एक अक्षर ऐकू येत नाहीये.”

आठव्या रांगेतल्या चष्मेवाल्या बाईंनी अर्धं उठून हे सांगितलं तेव्हा मावशी दहाव्या रांगेत एका मोबाइलवाल्याच्या मागे लागल्या होत्या. आपण थिएटरात आहोत आणि म्हणून आपल्याला बोलता येत नाही, हे तो गृहस्थ गेली पाच मिनिटं फोनवरच्या माणसाला सविस्तर समजावत होता. मावशींनी बॅटरीचा उजेड त्याच्या बुटांवर टाकला. त्याने पाय आत घेतले आणि बोलणं चालूच ठेवलं. मावशींनी उजेड गुडघ्यांवर आणला. “ठेवतो, ठेवतो,” असं तो म्हणाला. ते मावशींना होतं की फोनवरच्याला, कोण जाणे. पण फोन एकदाचा खिशात गेला.

पहिला उजेड पायांवर, दुसरा गुडघ्यांवर आणि तिसरा तोंडावर, असा मावशींचा कायदा होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिसरा उजेड टाकायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नव्हती. अंधारात माणसाच्या तोंडावर उजेड मारणं त्यांना पटायचंच नाही. लोक अंधारात रडतात, तोंडं वेडीवाकडी करतात, शेजारच्याचा हात धरतात. त्यांनी तिकीट काढलंय ते त्यासाठीच, आपण कोण बघणार, असं त्या म्हणायच्या. या गोष्टीचा त्यांना थोडा तोराही होता. शहरातल्या बाकीच्या थिएटरांत शिट्ट्या, भांडणं, पुढच्या खुर्चीवर ठेवलेले पाय, कथा आधीच सांगून टाकणारे शहाणे असा सगळा बाजार असायचा. इथला दुपारी तीनचा खेळ मात्र शांततेसाठी नावाजलेला होता. मॅनेजर ते श्रेय स्वतःकडे घ्यायचा. मावशी घेऊ द्यायच्या.

आता आवाज येत होता तो सातव्या रांगेतून. मावशींना तिकडे बघायचीही गरज नव्हती. बुधवार, तीनचा खेळ, सातवी रांग, वाटेकडची खुर्ची. तिथे आजोबा असणार आणि ते घोरत असणार.

राखाडी मफलर गळ्यात घालून हे आजोबा गेली दोन वर्षं दर बुधवारी न चुकता यायचे. दिवे गेले की पाच मिनिटांत त्यांची मान खाली यायची आणि घोरणं सुरू व्हायचं. चित्रपट मारामारीचा असो की रडारडीचा, त्यांच्या झोपेत फरक पडत नसे. खेळ सुटल्यावर मात्र बाहेर जाताना दाराशी थांबून ते मावशींना गंभीरपणे सांगायचे, “छान होता हं. शेवट जरा ताणल्यासारखा वाटला.” मावशीही तितक्याच गंभीरपणे म्हणायच्या, “मलाही तसंच वाटलं.”

घोरणाऱ्यांना बॅटरी दाखवून उपयोग नसतो. हलवून उठवलं तर आणखी पंचाईत. माणूस दचकतो, “काय झालं, कोण आहे?” म्हणून ओरडतो, रांगच्या रांग हसत सुटते आणि पडद्यावर कुणी मरत असेल तर त्याच्या मरणाची अगदी शोभा होते. म्हणून मावशींची त्यावर एक वेगळी युक्ती होती. दोन बोटं हनुवटीखाली, दुसऱ्या हाताचा तळवा गालावर, मान हळूच वाटेकडे वळवायची आणि डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं. झोप मोडत नाही आणि आवाज बंद होतो. ही विद्या त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मिळवली होती. घर एका खोलीचं, मधल्या पडद्यापलीकडे सासू-सासरे आणि अलीकडे ढगासारखा गडगडणारा नवरा. लाजेपोटी माणूस काय काय शिकतो.

त्या सातव्या रांगेत गेल्या, वाकल्या, सवयीने आजोबांचा मफलर सोडवून त्याची घडी केली. त्या दिवशीचं घोरणं नेहमीचं नव्हतं. ते खूप खालून, ओढून आणल्यासारखं येत होतं, त्यात पाण्याची घरघर होती. मध्येच ते थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. हनुवटी हाताला जड लागली. गालावरचा तळवा लाळेने ओला झाला. मावशींनी तो एप्रनला पुसला. एकदा मान वळवली तरी आवाज बंद होईना, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा जरा जोर लावून ती वळवली आणि तशीच धरून ठेवली. बरंच वाकून राहिल्याने त्यांच्या कमरेत कळ आली. मग आवाज हळूहळू उतरला आणि बारीक श्वास तेवढा राहिला.

“थँक यू हं, मावशी,” चष्मेवाल्या बाई कुजबुजल्या. मावशींनी हाताने ‘बसा’ अशी खूण केली आणि त्या दाराजवळच्या आपल्या स्टुलावर येऊन बसल्या. पुढचा तासभर सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. नंतर त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

खेळ सुटला, दिवे लागले, लोक पॉपकॉर्नच्या पिशव्या तुडवत बाहेर पडले. झाडूवाली पहिल्या रांगेपासून झाडत वर येत होती. सातव्या रांगेशी येऊन ती म्हणाली, “आजोबा, उठा आता. का पुढच्या खेळालाही झोपणार?” आणि मग तिने हातातला झाडू टाकला.

रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस वयाने लहान होता, पण कामात वाकबगार दिसत होता. त्याने डोळे बघितले, मनगट बघितलं, गळ्याशी बोटं लावून बघितली आणि मान हलवली. आजोबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दिव्यांच्या उजेडात ते कुणालाही दिसलं असतं.

“मेंदूत रक्तस्राव झाला असावा,” तो म्हणाला. “नक्की काय ते डॉक्टर सांगतील. अशा वेळी माणूस घोरल्यासारखा मोठमोठा आवाज करतो. लोकांना वाटतं, झोपलाय. तसा काही आवाज आला होता का? लवकर हलवलं असतं तर कदाचित…”

मॅनेजरने मावशींकडे बघितलं. झाडूवालीनेही बघितलं, पण ती बिचारी त्या वेळी आत नव्हतीच. चष्मेवाल्या बाई केव्हाच घरी पोचल्या असतील.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “शांत होते अगदी.”

तो माणूस कागदावर काहीतरी लिहीत राहिला. मॅनेजरच्या जिवात जीव आला. स्ट्रेचर गेल्यावर तो मावशींना म्हणाला, “बरं केलंत. नसती भानगड मागे लागली असती.” मावशींना तेव्हा कळलं की आपण खोटं बोललो हे त्यालाही कळलंय. राखाडी मफलर खुर्चीवरच राहिला होता, चौघडी करून, त्यांनी ठेवला तसाच. तो घेऊन त्या रुग्णवाहिकेमागे धावल्या, पण गाडी निघून गेली होती.

त्यानंतर मावशींचं बिघडलं. म्हणजे तब्येत ठणठणीत होती, बिघडलं ते काम.

दुसऱ्याच दिवशी चौथ्या रांगेत एक धट्टाकट्टा माणूस डुलक्या घेत होता. तो घोरतसुद्धा नव्हता. मावशी थेट त्याच्याजवळ गेल्या आणि तिसरा उजेड त्याच्या तोंडावर टाकला. माणूस ओरडतच उठला. “अहो बाई, डोकं फिरलंय का?” त्याचं तोंड सरळ आहे हे बघून मावशी म्हणाल्या, “बरे आहात ना?” आजूबाजूचे हसले. पडद्यावर त्या वेळी नायिकेची आई मरत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

मग हे रोजचंच झालं. कुणाची मान कलंडली की मावशी तिथे. कुणी जोराने श्वास घेतला की बॅटरी. प्रेयसीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेल्या एका मुलालाही त्यांनी उठवलं. दम्याच्या एका बाईंना पाणी पाजलं, तेही नको असताना. खोकल्याच्या आवाजाने त्या स्टुलावरून उठायच्या. मोबाइलवाले, शिट्टीवाले, पाय वर टाकणारे मात्र मोकाट सुटले, कारण जो बोलतोय त्याची मावशींना काळजीच वाटेनाशी झाली होती. तीनच्या खेळाची शांतता महिन्याच्या आत धुळीला मिळाली.

घरी नवऱ्याचीही सुटका नव्हती. दुपारचं जेवण झाल्यावर तो आडवा व्हायचा, तर मावशी कामाला निघेपर्यंत त्याला दोनदा हलवायच्या.

“अगं, तीस वर्षं मान पिरगाळलीस, तेव्हा नाही काही वाटलं. आता काय झालं?” तो वैतागून म्हणाला.

“तुम्ही बोला काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. तोंड हलवा.”

बायकोला काय झालंय ते त्याला विचारायचं होतं, पण त्यांच्यात तशी विचारायची पद्धत नव्हती. त्याने आपला पाढे म्हटल्यासारखा भाज्यांचा भाव सांगितला. मग कूस बदलून झोपला.

मॅनेजरने एके दिवशी त्यांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर तक्रारवही उघडी होती.

“सव्वीस वर्षांत तुमच्याबद्दल एक ओळ नव्हती या वहीत. आणि आता बघा, पानं भरलीत. पूर्वी लोक म्हणायचे, बाजूचा त्रास देतो, मावशींना बोलवा. आता म्हणतात, मावशी त्रास देतात, कुणाला बोलवायचं?”

मावशींनी वही मिटून ठेवली.

“ते आजोबांचं डोक्यातून काढा. झालं ते झालं. तुम्हाला काय माहीत होतं?”

“हाताला कळलं होतं, साहेब.”

“हे बाहेर बोलू नका,” मॅनेजर घाईघाईने म्हणाला आणि उठून त्याने दार लावलं. “मावशी, मी स्पष्ट सांगतो. आणखी एक तक्रार आली तर बॅटरी जमा करायची आणि घरी बसायचं. माझाही नाइलाज आहे.”

मावशींनी ‘बरं’ म्हटलं. दोन वर्षांनी त्या सन्मानाने निवृत्त होणार होत्या. बॅटरीशिवाय आपण काय करणार, हा विचारही त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी कानाला खडा लावला. आठवडाभर कुणाला उठवलं नाही. नुसत्या दाराशी बसून, हात मांडीखाली दाबून, कोण कसा श्वास घेतोय ते ऐकत राहिल्या.

आणि मग एका बुधवारी ती आली.

पस्तिशीची असेल. बोटांच्या टोकांना सुया टोचल्याच्या खुणा, गळ्यात विसरून राहिलेली मोजमापाची फीत. खेळ सुरू व्हायला अजून अवकाश होता. सभागृहात दिवे होते आणि दहा-बारा माणसं विखरून बसली होती. तिने मावशींच्या हातात तिकीट दिलं. सातवी रांग, वाटेकडची खुर्ची.

“मी त्यांची मुलगी,” ती म्हणाली. कुणाची ते तिने सांगितलं नाही आणि मावशींनीही विचारलं नाही. “मॅनेजर म्हणाले, त्या दिवशी तुम्ही होतात.”

“होते.”

“कागदावर लिहिलंय, शांत होते. कुठलाही आवाज केला नाही. हे तुम्हीच सांगितलंत ना?”

त्यांनी तिला खुर्चीपर्यंत नेलं. ती बसली. मावशी वाटेत उभ्या राहिल्या.

“हो. शांत गेले तुमचे बाबा,” त्या म्हणाल्या. मुलीला यानेच बरं वाटेल असं त्यांना अजूनही वाटत होतं. “झोपेतच.”

“नाही, मावशी. ते शक्य नाही.” मुलीने मान हलवली. “बाबा झोपले आणि घोरले नाहीत असं कधी झालंच नाही. पाच मिनिटं डोळा लागला तरी भिंती हलायच्या. आईने जन्मभर कानात कापूस घालून दिवस काढले. माझं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. गिऱ्हाइकं यायची आणि हे मागे घोरायचे. बायका तोंडावर हात धरून हसायच्या. मला लाज वाटायची. बुधवारी माझ्याकडे मापं द्यायला गर्दी असते, म्हणून मीच त्यांना तिकीट काढून इथे पाठवायची. म्हणायची, बाबा, मजा करा. म्हणजे तिथे जाऊन झोपा.”

मागे कुणीतरी पिशवी फोडून काहीतरी खायला लागलं होतं.

“आवाज नव्हता म्हणजे ते झोपलेले नव्हते. जागे होते. रोज हाच विचार करते मी. शिलाई मारताना, जेवताना. त्यांना कळलं असेल ना, काहीतरी होतंय ते? हात हलत नसेल. हाक मारायला बघितलं असेल. आणि एवढी माणसं आजूबाजूला चित्रपट बघत होती.” तिचा आवाज चढला. “मला फक्त एवढंच सांगा, मावशी. ते जागे होते का? तुम्हाला डोळे उघडे दिसले का?”

मावशींना वाटलं, आपण गोड म्हणून दिलं ते ही पोर इतके दिवस विषासारखं पचवत बसलीय. एका शब्दात तिची सुटका होती. ‘घोरत होते’ एवढं म्हटलं की झालं. पण ते म्हटलं की दुसरा प्रश्न येणार, मग तुम्ही काय केलंत? मग तक्रारवही, मॅनेजर, बॅटरी. दिवे मंद व्हायला लागले होते.

“घोरत होते,” मावशी म्हणाल्या.

मुलीने वर बघितलं.

“मी खोटं सांगितलं. खूप मोठ्याने घोरत होते. लोक चिडले. मला म्हणाले, गप्प करा त्यांना. मला एक युक्ती येते, मान वळवायची. दर बुधवारी करायचे मी, तुमच्या बाबांना कधी कळायचंही नाही. त्या दिवशी ते घोरणं वेगळं होतं. मला वेगळं वाटलं, तरीही मी मान वळवली. पहिल्यांदा थांबलं नाही, म्हणून परत वळवली आणि धरून ठेवली. तोंडावर उजेड टाकला असता तर दिसलं असतं. मी टाकला नाही. कुणाच्या तोंडावर टाकत नाही मी. रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस म्हणाला, लवकर हलवलं असतं तर वाचले असते कदाचित. मी तुमच्या बाबांना गप्प केलं आणि स्टुलावर जाऊन बसले.”

अंधार झाला. पडद्यावर जाहिराती लागल्या. त्यांच्या रंगीत उजेडात मुलीचं तोंड कधी दिसत होतं, कधी नाही. ती मारेल, ओरडेल, मॅनेजरला बोलावेल, या सगळ्याची मावशींनी तयारी केली होती.

“दाखवा,” मुलगी म्हणाली.

“काय?”

“कशी धरली होती मान ते.”

मावशींनी एप्रनच्या खिशातून राखाडी मफलर काढला. तो महिनाभर तिथेच होता. त्यांनी त्याची चौघडी केली. मग वाकून दोन बोटं मुलीच्या हनुवटीखाली ठेवली, तळवा गालावर ठेवला आणि मान हळूच वाटेकडे वळवली. मफलर डोक्याखाली सरकवला. मुलीने डोळे मिटले होते. मावशींनी हात काढायला घेतला तशी तिने तो मनगटाशी घट्ट पकडला.

“किती वेळ धरलं होतं?”

“आवाज थांबेपर्यंत.”

“मग धरा.”

मावशी तशाच वाकून राहिल्या. कमरेत पुन्हा तीच कळ आली. तळव्याखाली गाल आधी कोरडा होता, मग ओला झाला. मफलरच्या लोकरीत तोंड खुपसून मुलगी रडायला लागली. सुरुवातीला दाबून, मग दाबणं सोडून. तो आवाज खूप खालून, ओढून आणल्यासारखा येत होता. जाहिराती संपल्या, चित्रपट सुरू झाला, पात्रं बोलायला लागली, तरी तो थांबेना.

“शूऽऽ!” कुणीतरी केलं. मग आणखी एकाने. “अहो, रडायचंय तर बाहेर जा ना,” असं मागच्या रांगेतून आलं. दहाव्या रांगेत एक मोबाइल पेटला आणि त्याचा पांढरा उजेड या दोघींवर पडला.

“मावशी, ऐकताय ना? गप्प करा त्यांना!” एका पुरुषाचा आवाज आला. “नाहीतर मी आत्ता जातो मॅनेजरकडे.”

मावशींनी मागे वळून बघितलं नाही. त्या वाटेतच, सातव्या रांगेशी, मळक्या गालिच्यावर गुडघे मोडून बसल्या. बॅटरी त्यांनी शेजारी जमिनीवर ठेवली. मुलीच्या गालावरचा हात तसाच होता.

“रड,” त्या म्हणाल्या. “मी आहे इथे.”

मागे एक खुर्ची खाडकन वर मिटली आणि कुणीतरी पाय आपटत दाराकडे गेलं.